एका अक्षराची जागा

पदवीला काय काय लागतं त्याची यादी थोरलीनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. साडी काढायला दार उघडलं की यादी समोर. एकशेवीस क्रेडिट, त्यात फौजदारी न्यायाचे बारा सक्तीचे विषय, पुराव्याचा कायदा, गुन्हेगारांचं मानसशास्त्र, नीतिशास्त्राचा पेपर, एक परकी भाषा आणि संख्याशास्त्र, ज्यात ती दोनदा सपशेल आपटली होती. सात वर्षं दिवसा शाळेच्या ऑफिसात हजेरीपत्रकं भरायची आणि संध्याकाळी कॉलेजच्या बाकावर आपल्या निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसायचं. पोरं तिला आधी बाई म्हणाली, मग ताई म्हणाली आणि शेवटी तिच्याच वह्या उतरवायला लागली. आता यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या होत्या. एकच ओळ उरली होती: दीडशे तास प्रत्यक्ष काम आणि एका निकाली प्रकरणाचा अभ्यास.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा मार्गी लावणाऱ्या अधिकाऱ्याची जागा तिला हवी होती, आणि त्या जागेला चाळिशीच्या आत पदवी लागायची. ती एकोणचाळीस वर्षांची होती. या सत्रात पदवी हातात आली तर जागा, नाहीतर जन्मभर हजेरीपत्रकं.

त्या कामासाठी तिला कोर्टाची रेकॉर्डची खोली मिळाली; शाळेतून अर्धी रजा काढून ती दुपारी तिथे जायची. खोली तळमजल्यावर होती. एक लांबट खिडकी, एक टेबल, आणि छतापर्यंत फडक्यात बांधलेली गाठोडी. रेकॉर्डवाले काका शिंकत शिंकत गाठोडी सोडायचे आणि धुळीला शिव्या घालायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक फॉर्म सरकवला. प्रकरणातल्या कोणाही व्यक्तीशी आपलं नातं आहे का? तिनं फाइल उघडायच्या आधीच ‘नाही’ लिहिलं आणि सही ठोकली. सगळेच तसं करतात. नातं निघालं की फाइल बदलून मिळते, झालेले तास शून्य होतात आणि सगळं पुढच्या सत्रात नव्यानं.

फाइल अठ्ठावीस वर्षांपूर्वीची होती. एका घड्याळाच्या दुकानदाराला कोणीतरी दुपारच्या वेळी मारलं होतं. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं एका माणसाला पळताना पाहिलं होतं. गॅरेजमधला चोवीस वर्षांचा एक फिटर पकडला गेला, बाईला दाखवला गेला आणि चौदा वर्षं आत गेला. तिनं बाईच्या जबाबाचं मूळ पान उलटलं आणि तिला हसू आलं. अक्षर बाबांचं होतं.

ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा पोलीस ठाण्यात लेखनिक होते. साहेब विचारायचे, लोक सांगायचे, बाबा लिहायचे. शब्द पुरा झाला की वरची रेघ एका झटक्यात ओढायची, न हलणारी, न तुटणारी. तशी रेघ तिनं दुसऱ्या कोणाच्या हातची पाहिली नव्हती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, ते पुन्हा भेटल्यासारखं तिला वाटलं. नातं निघालं खरं, पण लेखनिकाचं कसलं नातं, तो काय प्रकरणात असतो होय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. स्वतःची समजूत घालणं ही फार सोपी गोष्ट असते. ऐकणारा आपलाच असतो.

साठ तास झाले, नव्वद झाले. टिपणं भराभर होत होती. एका दुपारी काका सहज म्हणाले, “या फाइलीचा मालक पुढच्या महिन्यात येईल बघ.”

“मालक कोण?”

“तो फिटर. सुटून चौदा वर्षं झाली. दरवर्षी येतो, नकलेचा अर्ज करतो. त्या बाई असं म्हणाल्याच नव्हत्या, एवढंच सांगतो. मी टाईप केलेली प्रत देतो, ती उभ्याउभ्या वाचतो आणि घडी घालून घेऊन जातो.”

“मग मूळ कागद दाखवा ना त्याला.”

“नियम नाही. मूळ कागद कोर्टाला नाहीतर तुमच्यासारख्या अभ्यासवाल्यांना. फाइलीला नवा कागद जोडला गेला तर त्याची नक्कल मागेल त्याला द्यावी लागते. पण निकाली फाइलीला नवा कागद कुठून यायचा? बाई जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली.”

काका चहाला गेले. थोरलीनं जबाबाचं पान पुन्हा काढलं. शेवटून दुसरी ओळ: मला दाखवलेला माणूस तोच होता. तिनं ती आधी दहा वेळा वाचली होती. या वेळी वाचली नाही, नुसती पाहिली. ‘तोच’ हा शब्द फार रुंद होता. त आणि त्याच्या पुढचा काना यांच्यात एका अक्षराची जागा मोकळी होती. आणि तेवढ्याच जागेवर वरची रेघ जाड झाली होती, मागाहून जोडलेली. बाबांची रेघ तुटली होती.

तिनं पान खिडकीशी धरलं. त्या मोकळ्या जागेतून उजेड आरपार आला. कागद तिथे पातळ झाला होता. ब्लेडनं खरडून काढला होता. त्या जागी स होता. ‘तसाच’मधला स खरडला, त्याचा काना तसाच ठेवला आणि त्याच्यावर एक मात्रा दिली. बाई म्हणाली होती, तसाच होता. कागद म्हणत होता, तोच होता.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. बाबा शेवटच्या आजारात अकरा दिवस अंथरुणावर होते. सगळी वाचा गेली होती, एकच शब्द उरला होता. तसाच. आई म्हणायची, हो, पडदा तसाच ठेवते. थोरली म्हणायची, हो बाबा, तक्क्या तसाच राहू दे. ते मान हलवायचे, उजव्या हाताकडे बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, तसाच. अकरा दिवस माणूस जबाब देत होता आणि घरातली माणसं तक्क्या हलवत होती.

घरी ती बाबांच्याच टेबलावर अभ्यास करायची. दुसऱ्या दिवशी रजा होती. सकाळी दहाच्या सुमाराला ती टिपणं घेऊन बसली आणि तिला तो आवाज आला. खर्र, खर्र. थांबून पुन्हा, खर्र. बारीक, एका जागी, जपून केलेला. लाकूड पोखरणारा किडा असेल म्हणून तिनं टेबलाला कान लावला, खण उपसले. खणात बाबांचं अर्धं मोडलेलं ब्लेड होतं, कागदात गुंडाळलेलं. किडा नव्हता. आवाज टेबलातून येत नव्हता, टेबलावरून येत होता.

आई दारात उभी होती. हातातला भाजीचा चाकू तिथल्या तिथे थांबला होता.

“तुलाही यायला लागलं का ऐकू?” आई म्हणाली. “मला सहा वर्षं येतंय.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलू? म्हातारीला भास होतात म्हणाली असतीस.”

थोरलीनं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आईला नवल वाटलं नाही, त्याचंच तिला वाईट वाटलं.

“एकदाच बोलले होते,” आई म्हणाली. “साहेबांनी सांगितलं, ‘तसाच’वर केस उभी राहत नाही. हे म्हणाले, एक अक्षर काढलं आणि एक माणूस आत गेला. मी विचारलं, मग घाला ना परत. तर म्हणाले, काढलेलं अक्षर परत घालता येत नाही, कागद फाटतो.”

“त्यांनी ते घरी केलं?”

“कागद घरीच आणायचे की. इथंच. तू समोर गृहपाठ करत असायचीस.”

थोरलीला तेव्हा फुंकर आठवली. बाबा ब्लेडनं चूक खरडायचे, कागदाचा भुसा जमायचा, आणि ते कागद तिच्यापुढे धरून म्हणायचे, मार फुंकर. अकरा वर्षांची ती गाल फुगवून फुंकर मारायची आणि बाबा म्हणायचे, गेली चूक. तिला तो खेळ फार आवडायचा. कितीतरी वेळा मारली असेल. त्यातली या जबाबावरची कुठली होती, हे आता कोणीही सांगू शकणार नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडतानाही तो आवाज चालूच होता.

“हे बघ,” आई हळूच म्हणाली, “सहा महिने थांब. पदवी घे, नोकरीला लाग, मग काय सांगायचं ते सांग. गेलेला माणूस कुठं पळून जातोय?”

“गेलेला नाही पळत. पण दुसरा अजून आहे ना. दरवर्षी येतो.”

“यांचं नाव जाईल.”

“हो.”

आई उठली आणि चाकू घेऊन भाजीकडे गेली. जा म्हणाली नाही, आणि जाऊ नकोसही म्हणाली नाही.

त्याच दुपारी थोरली रेकॉर्डच्या खोलीत गेली. येताना तिनं ते ब्लेड पर्समध्ये का टाकलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. काकांनी तिचा फॉर्म काढून दिला आणि शिंकत आतल्या रांगेत गेले. फॉर्मवर ‘नाही’ होतं, तिच्या ठसठशीत अक्षरात. ब्लेडनं दोन मिनिटांचं काम होतं. तिचा हात पर्समध्ये गेला, कागदाच्या घडीला लागला. खर्र, असं तिच्या कानाशी झालं. इथेही. खिडकीत लख्ख ऊन होतं, आणि टेबलाच्या पलीकडे कोणीतरी वाकून काम करत असल्यासारखी हवा दबली होती.

तिनं हात बाहेर काढला. पुराव्याच्या वर्गात मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं: चूक पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला सही करायची. परीक्षेत दोन गुणांना आलं होतं. तिनं ‘नाही’वर एक रेघ मारली. वर लिहिलं, ‘आहे’. बाजूला सही केली. मग कारणाच्या चौकटीत लिहिलं: जबाब लिहिणारे लेखनिक माझे वडील. अक्षर मी ओळखते. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘तसाच’ या शब्दातला स ब्लेडनं काढून ‘तोच’ केला आहे, पान उजेडाशी धरल्यास दिसतं. चौकट संपली तेव्हा तिनं समासात लिहिलं: तेव्हा भुसा उडवायला फुंकर मी मारत असे.

काका परत आले. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी फॉर्म वाचला, मग जबाबाचं पान खिडकीशी धरलं. त्या दिवसात पहिल्यांदाच ते बराच वेळ शिंकले नाहीत.

“तास शून्य होतील,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“वय?”

“पुढच्या महिन्यात चाळीस.”

काकांनी सुई-दोरा काढला. “हा फाइलीला लावावा लागेल. नवा कागद आहे.” त्यांनी फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. “आधी वाळू दे. शाई ओली आहे.”

तिनं कागद उचलला, तोंडासमोर धरला आणि सवयीनं गाल फुगवले. टेबलापलीकडचा आवाज थांबला. कोणीतरी ऐकत होतं, वाट बघत होतं.

थोरलीनं श्वास आतल्या आत सोडला, कागद उन्हात ठेवला आणि शाई आपोआप वाळेपर्यंत शेजारी बसून राहिली.