खाऱ्या पाण्यातले जिताडे

हेमांगी रोह्याच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गाला माशाचं वाताशय शिकवत होती. पोटातली ही हवेची पिशवी कमीजास्त फुगवून मासा पाहिजे त्या खोलीवर स्वस्थ राहतो, हे सांगत असतानाच सरूचा फोन आला. सरू पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात अण्णांच्या तळ्यालगत राहायची, आणि कारणाशिवाय ती फोन करत नसे.

"हेमाताई, बांधाला खांड पडली. उधाणाचं पाणी तळ्यात शिरलंय. मासे वर येऊन तोंड वासतायत, न अण्णा जाळं घेऊन पाण्यात उतरलेत. माझं ऐकत नाय."

हेमांगीने तास सोडला आणि स्टँड गाठला. अण्णा, म्हणजे तिचे वडील विष्णू, हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस. आई गेल्यापासून त्यांचा जीव त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात अडकला होता. त्यात त्यांनी बोटाएवढी पिल्लं सोडून जिताडे वाढवले होते, सोबतीला रोहू.

वाटेत खांब गावाजवळ एसटी थांबली. पुढे हायवेवर ट्रक आडवा झाला होता. ती उठली, दाराशी गेली, परत बसली, पुन्हा उठली. कंडक्टरने दोनदा तिच्याकडे पाहिलं. शेवटी तिने सरूला फोन लावून अण्णांना द्यायला सांगितला.

"अण्णा, जाळं ओढू नका. दमलेले मासे झटापटीनेच मरतील."

"मग बघत बसू? खारं पाणी लागलंय त्यांना."

"जिताडा खाडीतलाच ना? त्याचे कल्ले रक्तातलं मीठ बाहेर टाकतात. त्याला आत्ता मीठ नाही, हवा कमी पडतेय. तळाचा गाळ ढवळलाय. पंपाचं इंजिन लावा आणि तळ्याचंच पाणी वरून तळ्यात फवारा."

"न रोहूचं काय?"

"त्याला नाही जमायचं. काठाला आलेले तेवढे काढून घ्या."



"तुला खात्री हाय, हेमा?"

पण हे जिताडे बोटाएवढे असल्यापासून गोड्या पाण्यातच वाढले होते. त्यांच्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी बाहेर टाकायची सवय. आता तेच पाणी अंगात राखायचं होतं. शरीर बदलतं, पण एका दुपारभरात किती?

"व्हय," ती म्हणाली.

फोन बंद झाला. ती खाली उतरली, अडलेल्या गाड्यांच्या कडेने ट्रकच्या पलीकडे चालत गेली आणि मिळेल त्या रिक्षाने पेणकडे निघाली. वाटेत तिला एकच दिसत होतं: अण्णा छातीएवढ्या पाण्यात.

ती पोचली तेव्हा इंजिन चालू होतं. अण्णा काठावर ओल्या कपड्यांनी बसले होते, ओठ निळसर. सरूने त्यांच्या खांद्यावर गोधडी टाकली होती. रोहू पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जिताडे मात्र फवाऱ्याखाली गोळा झाले होते, कल्ल्यांवरची झाकणं भराभर उघडमीट करत. एका जागी राहून ते फवाऱ्याचं हवा मिसळलेलं पाणी तोंडातून घेऊन कल्ल्यांवरून ढकलत होते, म्हणून टिकले होते.

"डॉक्टरकडे चला."

"हे जिताडे खाली गेल्याशिवाय नाय."

उतरत्या उन्हात एकेक जिताडा दिसेनासा झाला. अण्णांना बरं वाटलं, हेमांगीला नाही. ताजा मेलेला मासाही पुष्कळदा आधी तळाशी जातो. तिने ते सांगितलं नाही; अण्णांना डॉक्टरांकडून तपासून घेऊन घरी नेलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

उजाडताच दोघं तळ्यावर आले. सहा जिताडे मरून वर आले होते. अण्णांनी ते एकेक करून काठावर काढले. हेमांगीला मान वर करवेना. सरूने खाडीतली ओंजळभर जिवंत कोळंबी तळ्यात टाकली. काहीच हललं नाही. मग पलीकडच्या कोपऱ्यात पाणी फाटलं, लगेच आणखी एका ठिकाणी, आणि कोळंबी दिसेनाशी झाली.

"खातायत गो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "मी जाळं ओढलं असतं तर..."

"मलाही खात्री नव्हती, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि सरूकडची उरलेली कोळंबी घेऊन पाण्यात सोडली. दुपारी पुन्हा उधाण होतं. हेमांगीने ओढणी कमरेला बांधली आणि खांड बुजवायला गावातली माणसं बोलवायला सरूसोबत निघाली.