ललितावहिनींची सावध झोप

ललितावहिनींची झोप फार सावध, हे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. पाठ करून घेतलं होतं वहिनींनीच. म्हणून अकोल्याला नणंदेकडे, कुंदाकडे, कार्य असलं की बायकांच्या गाद्या हॉलमध्ये ओळीने आणि वहिनींना वरची खोली. उशाशी तांब्या-भांडं, पायाशी नवी चादर. हा मान वहिनींनी जमेला धरला होता. जावांपैकी कोणाला तो मिळत नाही, हेही.

पन्नाशीनंतर त्या शाळेत, भर वर्गात शिकवताना पेंगू लागल्या. डॉक्टरांनी झोपेची तपासणी सांगितली. अंगभर वायरी लावून वहिनी दवाखान्यात निजल्या त्या एकाच भरवशावर, की झोप लागतच नाही असं निघेल.

निघालं भलतंच. त्या जोरजोरात घोरत होत्या, आणि मधूनमधून त्यांचा श्वास चक्क थांबत होता.

"घोरते? मी?" वहिनी हसल्या. "अहो, सांगा ना यांना."

चिंतामणराव वकील. कोर्टात पुढची तारीख मागता येते, इथे सोय नव्हती. "पुष्कळ वर्षांपासून," ते डॉक्टरांकडे बघत म्हणाले.

घरी येईपर्यंत उरलेलंही बाहेर आलं. भाच्याच्या, शुभंकरच्या मुंजीत अख्खा हॉल जागा राहिला होता. तेव्हा कुंदानेच तोड काढली, की मान म्हणून वर पाठवलं तर वहिनी आनंदाने जातील. सगळ्यांना माहीत होतं. जावांना तर आधी.

पुढच्या आठवड्यात कुंदाच्या अश्लेषाचं लग्न. वहिनींनी फोन लावला. कुंदा आधी हसली; वहिनी हसेनात, तेव्हा थांबली.

"घोरणं जाऊ दे, कुंदा. श्वास थांबायचा, ते कळायचं तुम्हाला?"

"कळायचं ना. एकदम गप्प व्हायचं सारं. आमाले वाटे, चला, आता डोळा लागन."

आपण काय बोललो, ते कुंदाला जरा उशिरा उमगलं. मग ती भराभर सांगू लागली, की खोली झाडून ठेवली आहे, यंदा कूलरही लावलाय.

"खोली राहू दे. माझी गादी हॉलात टाक, तुझ्या बाजूले." एरवी शुद्ध बोलणाऱ्या वहिनी आता वऱ्हाडीवर आल्या होत्या. "आन मी गप्प झाली, की मले हालवून पाहजो."