पाणबुडीच्या पोटावरचा फुगा

माणसाला छंद असावा, पण तो घराच्या फाटकातून बाहेर निघेल एवढा तरी असावा. माझे यजमान अंबरीश पाटबंधारे खात्यात आहेत, आणि गेली काही वर्षं ते कंधारच्या आमच्या अंगणात पाणबुडी बांधत होते. खरीखुरी, लोखंडी, एक माणूस कसाबसा मावेल अशी. समुद्र कुठल्या दिशेला आहे असं आमच्या गल्लीत विचारलं, तर चार जण चार दिशांना हात करतील. तरी पाणबुडी! तिच्यासाठी माझं तुळशीवृंदावनसुद्धा कोपऱ्यात सरकवावं लागलं.

"जन्मभर धरणाची पातळी मोजली गं," हे म्हणायचे, "पण पाणी आतून कसं दिसतं ते बघितलंच नाही." माणूस निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी कपाळाला हात लावून गप्प बसले.

गप्प बसले नाहीत ते माझे सासरे. रेणुकादास गुरुजी, घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक, आणि हा एकुलता एक मुलगा. अंगणात सांगाडा उभा राहिला त्या दिवशी त्यांनी तो खालीवर न्याहाळला आणि म्हणाले, "या डबड्यात बसायचं असेल तर आधी मला पोचवून ये." त्यानंतर या विषयावर बापलेकांत एक अक्षर नाही. नाना अंगणातून जायचे ते मान वळवून. यांना लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं, पण नानांनी एकदा हो म्हणावं, एवढ्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता. ते हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरायची यांची छाती नव्हती. पन्नाशीच्या माणसानं हे कबूल कसं करायचं? म्हणून आज हा नट, उद्या तो वॉशर, असं काम लांबत राहिलं.

शेवटी लांबवण्यासारखं काही उरलं नाही. वरचा थर तेवढा राहिला. पाण्यात राहणाऱ्या लोखंडाला साधा रंग पुरत नाही, म्हणून यांनी उदगीरहून मडिवाळप्पाला बोलावलं. त्याच्या टेम्पोवर मशीन असतं. दोन औषधं गरम करून एकाच बंदुकीतून फवारतो. लोखंडाला लागताच ती थिजतात आणि रबरासारखी जाड साल तयार होते. पिकअपचे हौदे, पाण्याच्या टाक्या, गळकी गच्ची, असली त्याची कामं. पाणबुडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "आजपतोर असलं काई मारलो न्हाई सर. खरं, लोखंड ते लोखंडच की."

त्यानं मशीननं वाळूचा फवारा मारून लोखंड पांढरंफेक केलं, त्यावर तांबडा प्रायमर दिला आणि आम्हाला बजावलं, "आता कुणी हात लावू नका. बोटाचं तेल बी चालत न्हाई." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी म्हटलं, उद्याच उरकून टाका. त्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काहीतरी अभद्रच बोलले. "उद्या मशीनची पूजा हाय बाई. उद्या बटन दाबत न्हाई मी." मग पाणबुडीवर ताडपत्री घातली, आणि दसरा करून तो परत आला. वरून, बाजूनं थिनरनं पुसून घेऊन त्यानं पिवळाधमक थर मारला. खोटं कशाला बोलू, ती इतकी देखणी दिसायला लागली की मीच शेजारणीला बोलावून दाखवली.

गावाबाहेर ओळखीच्या हणमंतरावांच्या शेतात जुनी दगडाची खदान आहे, पावसाळ्यानंतर ती काठोकाठ भरते. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, लावून पाणबुडी आधी माणसाविनाच तिथं बुडवली, आत वाळूची पोती टाकून. आत टिपूसभर पाणी आलं नाही. हे लहान पोरासारखे नाचले. घरी आणल्यावर मडिवाळप्पा खाली वाकून सगळीकडून बोटानं ठोकून बघत होता, तो पोटाखाली एका जागी थबकला.

"सर, हितं धरलं न्हाई."

पुरीसारखा टम्म फुगा आला होता. त्यानं सुरी लावली तशी पिवळी साल अलगद सुटून आली. खाली तांबड्या प्रायमरवर तांबडंच काहीतरी तेलकट चमकत होतं. यांनी बॅटरी धरली. तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं.

कुणी काढलं हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर, सायकलीपासून माझ्या स्कूटीपर्यंत, हेच स्वस्तिक निघालेलं आहे. त्याचा एक पाय नेहमी लांब होतो. खंडेनवमीला सगळ्यांची नजर चुकवून नाना ताडपत्रीखाली शिरले होते. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, आडवे होऊन, कुणाला दिसणार नाही अशा जागी!

हे तिथंच मातीत बसले. डोळे भरून आले होते. म्हणाले, "पुसू नका. याच्यावरूनच मारा."

"देवाचं हाय सर, खरं, तेलावर ह्ये धरत न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला. "आत पाणी शिरंल. हितंच वेल्डिंगचा जोड हाय, तो खाऊन टाकंल."

"बघू. राहू दे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "बघू काय बघू? बापाचा आशीर्वाद पोटाशी घेऊन बुडायचंय का तुम्हाला? दोघंही सारखेच! तोंड उघडून एक शब्द बोलायचा नाही, आणि मला मात्र घोर लावून ठेवायचा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओसरीवर पेपर वाचत बसलेले नाना उठून आले.

मडिवाळप्पानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. तेल, साल, पाणी, जोड. ऐकता ऐकता नानांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यामुळं..." ते म्हणाले. सुखरूप राहावा म्हणून केलं ते पोराच्या जिवावर उठणारं निघालं, हे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मग त्यांनी मडिवाळप्पाच्या हातातली थिनरची चिंधी घेतली. "नाना, राहू द्या," हे म्हणाले. पण नाना खाली वाकले आणि त्यांनी ते स्वस्तिक स्वतःच पुसून काढलं. पुन्हा पुन्हा पुसलं, चिंधी पांढरी निघेपर्यंत. तेवढ्या जागी नव्यानं थर बसला. तो पक्का होईपर्यंत नाना खुर्ची टाकून समोर राखण करत होते. हो मात्र त्या दिवशीही म्हणाले नाहीत.

पुसलेल्या स्वस्तिकालाच होकार मानून यांनी दिवस ठरवला. खदानीवर जायच्या सकाळी नाना टोपी घालून न बोलावता जीपमध्ये पुढे जाऊन बसले. हे माझ्याकडे बघायला लागले, मी चालू पडायची खूण केली.

पाणबुडीला एक दोर बांधला होता, त्याला हिसका द्यायचा दांडा आत होता. आतून दोनदा हिसका आला की हायड्रानं वर ओढायचं. "दोर माझ्याकडे द्या," नाना म्हणाले आणि त्यांनी तो मनगटाला गुंडाळून घेतला. हे आत शिरले, झाकण लागलं, पिवळी पाठ पाण्याखाली गेली. वर बुडबुडे आले. मी देवाचं नाव घेतलं.

"ओढा!" नाना किंचाळले. "अरे ओढा, ओढा!"

हिसका-बिसका काही आला नव्हता. पण त्या आवाजापुढे कोण थांबतो? हायड्रावाल्यानं पाणबुडी वर घेतली. झाकण उघडलं, घामाघूम डोकं बाहेर आलं.

"काय झालं नाना?"

"काही नाही."

"अहो, आत्ताच तर गेलो होतो!"

नाना पुढे झाले. यांचा चेहरा त्यांनी नीट बघितला, गालाला हात लावून बघितला.

"श्वास घेता येतो ना आत?"

"येतो की."

"काय दिसतं?"

"हिरवं दिसतं, नाना. सगळं हिरवं. आणि वरून ऊन झिरपत येतं."

नानांनी वाकून पाण्यात बघितलं. मनगटावर दोराचा लाल वळ उठला होता. त्यांनी एक एक करून वेढे सोडवले आणि दोर सैल केला.

"मग जा," ते म्हणाले. "नीट बघून ये. मी आहे इथं."