दुसरा होकार

"वहिनी, आला का नंबर?"

"थांबा हं भावजी, नळाखाली हंडा लावलाय. आत्ताच पाणी आलं."

फोनमधून दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीतलं पाणी पडताना ऐकू येत होतं. मग गोदावहिनींनी चष्मा शोधला आणि एकेक आकडा सुटा करून सांगितला. ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसलेल्या साईनाथने तो टाइप केला. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली आणि कुठल्याशा दवाखान्याच्या जुन्या फायली कायमच्या पुसल्या गेल्या.

कंपनी इस्पितळांचे रिपोर्ट सांभाळून ठेवायची. हल्ली ते काम एआय एजंट करायचा. काय कुठे ठेवायचं, काय हलवायचं, सगळं तोच ठरवायचा. फक्त पुसण्याचा अधिकार त्याला दिलेला नव्हता. इस्पितळांची तशी अटच होती. काहीही पुसायचं तर दोन माणसांनी हो म्हटलं पाहिजे. पहिला साईनाथ. दुसरे सहदेव, गोदावहिनींचे यजमान; त्यांच्या फोनवर आलेला नंबर टाकला की त्यांचा होकार धरला जायचा.

सहदेव गणपतीच्या आधी गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. पगाराच्या यादीतून त्यांचं नाव निघालं, परवानगीच्या यादीत मात्र तसंच राहिलं.

"नवीन माणूस टाकायचा तर क्लायंटला कळवावं लागणार," मॅनेजर स्वानंद तेव्हा म्हणाला होता. "मग तपासणी, ट्रेनिंग, सगळं काम ठप्प. तोपर्यंत वहिनींकडून नंबर घेत जा ना."

साईनाथने मान हलवली. पन्नाशी गाठेपर्यंत ती आपोआप हलायला लागते. होळी आली तरी ते 'तोपर्यंत' संपलं नव्हतं. आता थांबायचं म्हटलं तर मागचं सगळं बाहेर येणार होतं, आणि प्रत्येक पहिल्या होकारापुढे नाव साईनाथचं होतं.

अडकल्या वहिनीही होत्या. गुहागरकडे त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. "जाऊन येऊ का थोडे दिवस?" त्यांनी दोनदा विचारलं. "पण आमच्या वाडीत रेंज नाही हो." स्वानंद म्हणाला, मार्चएन्ड होऊ दे. वहिनी थांबल्या. नवऱ्याच्या ऑफिसचं काम, नाही कसं म्हणायचं?

त्या दिवशी एजंटने कल्याणच्या एका प्रसूतिगृहाच्या फायली पुसायला काढल्या. कारण दिलं होतं, वापरात नाहीत. साईनाथने हो दाबलं आणि फोन लावला.

"भावजी, एक विचारू? यात असतं काय?"

"जुन्या फायली, वहिनी."

"उघडून बघता ना? हे बघायचे. घरी यायला उशीर व्हायचा, मी चिडायचे. तर म्हणायचे, पुसलेलं परत आणता येत नाही गो, म्हणून तर मला तिथं बसवलाय."

साईनाथने स्क्रीनवरची यादी पुन्हा समोर घेतली. म्हणाला, "बघून परत करतो फोन."

त्याने पहिली फाइल उघडली, मग दुसरी. प्रसूतिगृहाने नाव बदललं होतं आणि जुन्या नावाला कुणी वाली नाही असं एजंटने धरलं होतं. आतल्या बायका मात्र आजच्या होत्या. कुणाला सातवा लागलेला, कुणाला नववा. त्याने काम रद्द केलं. मग गणपतीपासून आपण कशाकशाला हो म्हटलं ते आठवू लागला. त्यातलं उघडून बघावं म्हटलं तर बघायला काही उरलंच नव्हतं.

"बरं झालं पकडलंत," स्वानंद म्हणाला. "पण वहिनी असे प्रश्न विचारायला लागल्या तर कठीण आहे. तो फोनच घेऊन या इकडे. ड्रॉवरमध्ये राहू दे."

"म्हणजे दोन्ही होकार मीच द्यायचे?"

"आत्ता तरी कोण देतंय, साईनाथ?"

संध्याकाळी तो दिव्याला गेला. वहिनींनी फोन पुसून, वर चार्जरची वायर गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला. "न्या. नाहीतरी तुमच्याशिवाय त्यावर फोन कोण करतं मला?"

साईनाथने चहा घेतला. मग फोन उचलून त्यांच्याच हातात दिला. "उद्या सकाळच्या सावंतवाडी गाडीने निघा. आईकडे जा. हाही घेऊन जा."

"आणि नंबर?"

"नको आता."

"तुम्हाला काही त्रास नाही ना होणार?"

"चहा छान झालाय, वहिनी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एजंट एका कामावर अडून बसला. दुसरा होकार आला नाही, कारण लिहा, असा चौकोन उघडला. साईनाथने लिहिलं: 'दुसरे परवानगीदार सहदेव घाणेकर यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं. त्यानंतरचे सगळे होकार मी एकट्याने, न बघता दिले आहेत.' हे इस्पितळांनाही आपोआप जाणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बटण दाबलं.

'पुसण्याची सर्व कामं थांबवली आहेत,' एजंटने कळवलं.

थोड्याच वेळात स्वानंदच्या केबिनमधला फोन वाजू लागला. स्वानंद दारात आला. "साईनाथ, आत या."

साईनाथ उठला, पण गेला नाही. सहदेव गेले तेव्हा ऑफिसात कुणी दोन मिनिटं उभं राहिलं नव्हतं. माणूस गेला हे कुठे दिसायलाच नको होतं. खुर्चीशेजारी, हात सरळ सोडून, मान खाली घालून तो उभा राहिला. समोरच्या टेबलावरची मुलगी आधी बघत राहिली, मग तीही उठली.

स्वानंद दारातच थांबला. आत फोन वाजत होता.