दाराची आतली बाजू

"मावशी, तुमचं स्टूल तेवढं उचला. दार लावायचंय," परीक्षेसाठी बाहेरच्या शाळेतून आलेल्या बाई म्हणाल्या.

मावशी हलली नाही. रानवस्तीवरच्या मुलांना वर्गातलं बोलणं त्यांच्या घरच्या भाषेत समजावून सांगायचं, हे तिचं शाळेतलं काम. वस्तीवरची माणसं इथली सगळ्यांत जुनी, पण शाळेत मात्र परकी. मावशी त्यांच्यातलीच. वर्गाचं दार आत उघडून भिंतीला टेकवायचं आणि त्याला स्टूल लावून बसायचं, हा तिचा नेम. वारा येवो, धूळ येवो. मोठे सर थट्टेनं म्हणत, "आमच्या शाळेला दार नाही, मावशी आहे."

"दार लावलं तर चिमणी लिहिणार नाही," मावशी म्हणाली.

चिमणी तिसऱ्या बाकावर बसली होती. नाव चिमणी, पण चिवचिव कसली ती नाहीच. वस्तीवरून या परीक्षेपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. बापानं सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर पुढं शीक, नाहीतर चल घरी. पोर हुशार होती, पण या खोलीचं दार लावायचं म्हटलं की भीतीनं तिची बोटं आखडत.

"लाडावून ठेवलंय तुम्ही तिला."

"असेल. पण तिची आजी या खोलीत राहिलीय, बाई. तिनं जे सांगितलंय ते ऐकतच पोर वाढली."

बाईंना काही कळलं नाही. कळायचं तरी कसं? मावशी आणि चिमणीची आजी लहान होत्या तेव्हा ही खोली वसतिगृहाची होती. सुट्टीच्या दिवशी वस्तीवरची मुलं घरी पळत, म्हणून दुपारपासून बाहेरून कडी. अशाच एका दुपारी मावशीच्या धाकट्या बहिणीला ताप चढला. आधी दोघींनी मिळून दार वाजवलं, मग मावशीनं एकटीनं. पलीकडे रेडिओ चालू होता. रात्रीच्या जेवणाच्या वेळी कडी निघाली तेव्हा धाकटीचे हात गार झाले होते.

पुढं या खोलीचा वर्ग झाला आणि मोठेपणी इथंच मावशीनं नोकरी धरली. लोक म्हणाले, छातीची म्हणायची बाई. छाती कसली, तिला भीती वाटायची. दुपारी वर्ग शांत झाला की अजून तिला टकटक ऐकू येई, अगदी खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. मग ती स्टूल दाराला आणखी घट्ट लावून बसे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आवाज ऐकून मोठे सर आले. बाईंनी नियमावर बोट ठेवलं. परीक्षेच्या खोलीचं दार उघडं राहता कामा नये. सरांनी चिमणीकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते.

"नियम बरोबर आहे तुमचा," सर म्हणाले आणि त्यांनी शिपायाला हाक मारली. "पेचकस आण रे. दाराच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्यात. दुरुस्तीला काढू."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे?"

बाई हसू दाबत पेपर वाटायला लागल्या. दार निघालं. शिपायानं ते ओसरीत भिंतीला उभं टेकवलं, आतली बाजू समोर करून.

मावशी स्टूल घेऊन तिथंच बसली. इतकी वर्षं दार उघडं, म्हणजे ही बाजू भिंतीकडे. नोकरी धरल्यापासून तिनं ती पाहिलीच नव्हती. रंगाचे थर चढले होते, पण ठोकून लाकडाला पडलेले पोचे लपत नव्हते. एक खोलगट जागा कमरेच्या उंचीवर. ती तिची स्वतःची. दुसरी बरीच खाली, लहान, आणि तिच्याभोवती नखांचे ओरखडे. धाकटी शेवटी बसून वाजवत होती, हे मावशी विसरली होती.

तिनं त्या खालच्या जागेवर तळवा ठेवला.

वर्ग शांत झाला. टकटक आली.

"आले गं," मावशी घरच्या भाषेत म्हणाली. "आले."

आत चिमणीनं मान वर केली. तिथं ती भाषा तिला एकटीलाच कळत होती. तिनं उघड्या चौकटीतून मावशीकडे पाहिलं, मांडीखालचा हात काढला आणि पेन उचललं.