आखडलेला खांदा

घाईबुवा हे नाव त्यांना बायकोनंच ठेवलेलं. आयुष्यभर बस चालवली, पण निवृत्तीनंतरही चहा उभ्यानंच प्यायचे.

बायको शिवणकाम करायची. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या. कोपर आणि मनगट आधार देऊन धरायचं, हात सावकाश वर न्यायचा, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, दुखलं की थांबायचं. नाहीतर सांधे आखडतील, असं त्यांनी सांगितलं.

सावकाश हेच घाईबुवांना जमेना. खिडकीपाशी जायचे, परत यायचे, हाताकडे बघायचे. तो आपणहून जरासाही हलत नव्हता. मुलगी कामावर गेली की ते पुन्हा तिच्या हाताचा व्यायाम सुरू करायचे. थोड्यानं फरक पडतो, तर जास्त केल्यानं लवकर पडेल, असं त्यांना वाटे. एका दुपारी त्यांनी हात थेट डोक्याच्या वर ओढला. ती कळवळली आणि डाव्या हातानं तिनं त्यांना ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा खांदा सुजला होता. बाईंनी कोणी ओढला म्हणून विचारलं. घाईबुवा काही बोलायच्या आत बायकोनं त्यांच्यापासून तोंड फिरवलं.

"हे... नको," ती म्हणाली.

मग दुखणं उतरल्यावर व्यायाम मुलगी करून घेऊ लागली. घाईबुवांना घरात चैन पडेना. ते रस्त्यानं फिरत राहायचे, थांब्यावर उभे राहायचे, बस आली की न चढताच पुढे चालू लागायचे.

शेवटी बाईंनीच त्यांना शेजारच्या खाटेवर आडवं केलं आणि हात सैल सोडायला सांगितला. तो सुटेचना. कसाबसा सुटला, तेवढ्यात बाईंनी एकदम वर नेला. घाईबुवांनी दचकून त्यांचं मनगट धरलं.

"सांगून तरी उचला," ते म्हणाले आणि तिथंच थबकले. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

त्या संध्याकाळी ते तिच्याजवळ बसले. "उचलू का?"

ती बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. ते उठले नाहीत. मग डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

तो हात पुन्हा कधी आपणहून डोक्यापर्यंत गेला नाही. शिवणयंत्र तिच्या बहिणीकडे गेलं. पण मूठ सैल झाली, नखं तळव्यात रुतायची थांबली, कुणी बाही धरली तर हात घालता येऊ लागला. व्यायाम घाईबुवाच करून घेतात. त्यांचे हात धीरानं चालतात, एक पाय मात्र अजून खाटेखाली घाईघाईनं हलत असतो.

"पाय," ती म्हणते.

ते पाय थांबवतात आणि पुढचं बोट उघडायला घेतात.