पाठमोरी आई

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई हॉस्पिटलच्या तळघरात चादरींना इस्त्री करत होती. तिथल्या यंत्राचा रूळ दोन माणसांच्या लांबीचा. ओली चादर एका बाजूने सरकवायची, पलीकडे जोडीदारणीने ती झेलून घडी घालायची. सत्तावीस वर्षं ताईचं हेच काम. काम अर्धवट टाकून फोन घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण त्या दिवशी खिशातला फोन लागोपाठ चार वेळा थरथरला, तेव्हा जोडीदारीणच म्हणाली की घे बाई, कुणी गेलं-बिलं असेल.

कुणी गेलं नव्हतं. उलट धाकट्याच्या आवाजात साखर होती. एक मोठं मासिक त्याच्या हॉटडॉगच्या दुकानांवर लेख करणार होतं. तिथल्या पत्रकार बाईंना जिथून सगळं सुरू झालं ते स्वयंपाकघर बघायचं होतं. आई गेल्यावरही ताई त्याच घरात राहत होती. शनिवारी सकाळी ते सगळे ताईच्या घरी येतील, ताईने पूर्वीसारखे हॉटडॉग करून दाखवायचे, एवढंच त्याचं मागणं होतं.

ताईने त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. घरी जाताना ती दोन थांबे आधीच बसमधून उतरली आणि चालत गेली. कुणी आपल्याला काही विचारायला येणार आहे, ही गोष्टच तिला नवी होती.

मुळात हॉटडॉग हा तिचा उद्योग. ती अकरा वर्षांची होती आणि धाकटा सहा. वडील नव्हते. आई बाटल्यांच्या कारखान्यात दिवसपाळीला जायची ती सात वाजता परतायची. शाळेतून आल्यावर धाकट्याला काही तरी गरम लागायचं, नाही तर तो दाराशी बसून भोकाड पसरायचा. मग ताईने स्वतःच चुकत-माकत एक रीत बसवली. पातेल्यात कांद्याच्या चकत्या, चार मिरे आणि चमचाभर व्हिनेगर घालून पाणी उकळायचं. गॅस बंद करून मग त्यात सॉसेज सोडायचे, कारण उकळत्या पाण्यात त्यांची सालं फुटतात. त्याच वाफेवर पाव ठेवले की ते मऊ पडतात. सॉसेजला सुरीने गोल गोल चिरा द्यायच्या आणि तव्यावर जरा लोणी टाकून कडा काळसर होईपर्यंत फिरवायचे. शेवटी पातेल्यातला तो कांदा निथळून त्याच तव्यावर साखर आणि मोहरीच्या सॉसबरोबर परतायचा. खरी गंमत त्या कांद्यात होती. आईला तर त्याचा वाससुद्धा सहन होत नसे. आल्या आल्या ती खिडकी उघडायची.

पुढे धाकट्याने मैदानाबाहेर हॉटडॉगची गाडी लावली, तेव्हा कांदा ताईच करून द्यायची. सहा वर्षं, रोज कामावर जायच्या आधी दोन मोठी पातेली. गाडीचं दुकान झालं, एकाची चार झाली, कांदा कुठल्याशा कारखान्यात बनून डब्यांतून येऊ लागला. ताई लाँड्रीतच राहिली. याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. आपला भाऊ वर गेला, याचं तिला कौतुकच होतं.

शनिवारी धाकटा आणि त्याची बायको तासभर आधीच आले. भावजयीने खिडकीतला प्लॅस्टिकचा डबा हलवला, भिंतीवरचं औषधांचं वेळापत्रक काढलं, गॅसमागचा तेलकट कागद फाडून टाकला. ताई बघत राहिली. मग धाकट्याने पिशवीतून एक जुन्या वळणाचा, निळ्या चौकड्यांचा एप्रन काढला. नवाच होता, पण धुऊन धुऊन विटवलेला.

"हा घाल," तो म्हणाला. "आणि एक लक्षात ठेव. त्यांना सांगितलंय की ही आईची रेसिपी आहे."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुणाच्या आईची?"

"आपल्या. आई कारखान्यातून दमून यायची आणि तरी आपल्यासाठी हॉटडॉग करायची, असं. दुकानाच्या कागदी पिशव्यांवर वर्षभर तेच छापलंय. तू बघितलं नाहीस का?"

ताईने बघितलं नव्हतं. दुकान तिच्या वाटेवर नव्हतं.

"आईने आयुष्यात एकही हॉटडॉग केला नाही, बाळ्या."

"माहीत आहे मला." धाकट्याने आवाज खाली आणला. भावजय ओट्याशी पाठ करून भांडी लावत राहिली. "आईची गोष्ट लोकांच्या काळजाला भिडते, ताई. बहिणीची सांगितली की लोक विचारतात, मग ती आज दुकानात का नाही? काय उत्तर देऊ मी?"

हे तो अगदी साधेपणाने बोलला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं हे खरंच होतं. ती एप्रनची गाठ बांधू लागली. ती मागे नीट बसेना, तेव्हा भावजयीने येऊन बांधून दिली.

पत्रकार बाई तरुण होत्या आणि चपला काढून घरात आल्या. त्यांच्याबरोबर एक फोटोवाला होता. त्याने आल्या आल्या खिडकीचा उजेड हाताने मोजल्यासारखा केला आणि ताईला ओट्याशी उभं केलं. धाकटा मधल्या दारात टेकून बोलू लागला. आईचे कारखान्यात सोललेले हात, आईची सात वाजताची पावलं, आईने पहिला घास त्याला भरवणं. बोलता बोलता त्याचा गळा भरून आला आणि ताईला कळेना की हे सोंग आहे का. मग तिच्या लक्षात आलं की नाही, त्याला खरंच भरून आलंय. इतक्या वेळा सांगून त्याला ते घडलेलं वाटू लागलं होतं. त्याच्या आठवणीतून ताई कधीच पुसली गेली होती आणि तिच्या जागी आई नीट बसली होती.

तिने गॅस बंद केला, सॉसेज पाण्यात सोडले, वर पाव ठेवले. हात आपोआप चालले. सॉसेजला चिरा देताना पत्रकार बाई अगदी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा हात किती बसलाय यात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

धाकटा बोलायचा थांबला. फोटोवालाही थांबला असावा, कारण कॅमेऱ्याची टिकटिक बंद झाली. पत्रकार बाईंची नजर सरळ होती. त्यांना काही तरी खटकलं होतं आणि त्या वाट बघायला तयार होत्या. एक वाक्य पुरलं असतं. ताईच्या जिभेवर ते आलंही होतं.

"आईने," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे अजून क्षणभर बघितलं आणि मग वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर फोटोवाल्याला एक कल्पना सुचली. ताईने तोंड खिडकीकडे करून उभं राहावं, केस जरा सैल सोडावेत, म्हणजे मागून आईच उभी आहे असं वाटेल. धाकट्याला ते फार आवडलं. ताई पाठमोरी उभी राहिली. दहा-बारा मिनिटं तिने समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या मोज्यांकडे बघितलं. मागे चौघं जण, फोटोवालाही मधून मधून, हॉटडॉग खात होते आणि कांद्याची तारीफ करत होते. तिच्यासाठी एक ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मागून घेणं तिच्या जिवावर आलं.

लेख छापून आला. त्यात ताईचा उल्लेख एका ओळीत होता: मोठी बहीण आजही आईच्या पद्धतीने हॉटडॉग करते. लाँड्रीतल्या बायकांनी तो अंक हातोहात फिरवला आणि ताईला म्हणाल्या की तुझी आई ग्रेट होती हं. ताईने मान हलवली.

तीन-चार महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडून येताना तिला धाकट्याचं नवं दुकान दिसलं. आत सगळी भिंत भरून तिचा फोटो होता, काळा-पांढरा, मुद्दाम जुना दिसेल असा केलेला. खिडकीशी पाठमोरी बाई, सैल केस, एप्रनची गाठ. खाली लिहिलं होतं: आमची आई. काउंटरवरची मुलगी एका जोडप्याला सांगत होती की आमच्या सरांची आई, बिचारी लवकर गेली.

जोडपं पुढे सरकल्यावर ताईने एक हॉटडॉग मागितला. मग तिला राहवलं नाही.

"तो फोटो माझा आहे," ती म्हणाली.

मुलगी हसली. वाईट नव्हती ती. म्हाताऱ्या माणसांशी बोलावं तसं ती हळू आणि मोठ्याने म्हणाली, "हो का, आजी? बसा ना तुम्ही, मी टेबलावर आणून देते." आणि तिने खरोखरच आणून दिला, वर दोन जास्तीचे कागदी रुमालही ठेवले.

ताईने एक घास खाल्ला. कांदा नुसता गोड होता. तिने उरलेला रुमालात गुंडाळला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला.

त्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. फोटो लोकांना इतका आवडला होता की आता त्याची जाहिरात करायची होती, हलणारी. पुन्हा शनिवारी, पुन्हा तेच स्वयंपाकघर, फार वेळ लागणार नव्हता. ताईने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"मी नाही येणार बाळ्या त्यात," ती म्हणाली.

"का गं? बरं नाही का?"

"त्यांना सांग, आई वारली."

ताईला वाटलं, आता तरी त्याला काही बोलावंसं वाटेल. पण तो हसला, थोडा ओशाळून, आणि म्हणाला की बरं, तू थकली असशील, आपण दुसरं काही तरी बघू.

त्याने बघितलं. जाहिरातीत एक बारीक अंगाची, ताठ पाठीची बाई होती. कुठलं तरी भाड्याचं स्वयंपाकघर, ऊन भरपूर. लोकांना फरक कळला नाही. ताईला लाँड्रीतल्या जोडीदारणीने फोनवर ती दाखवली आणि विचारलं, ही तुझी आई का गं? तेव्हा यंत्र तापून तयार झालं होतं. ताई म्हणाली, "असेल," आणि तिने पुढची चादर सरकवली.